बुबुळावरचं बोट

उमरीकडच्या घरांत औषधाचा हिशेब पूर्वी सहाणेवर व्हायचा. बाळगुटीत मायफळ एक वेढा, मुरडशेंग दोन वेढे, वेखंड जरा जपून. वैद्याच्या काट्यात गुंजा आणि मासे असत. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा तोळा. माणूस अगदीच हातचा चालला की हेमगर्भाची मात्रा उगाळून जिभेला चाटवायची. मात्रा म्हणजे औषधाचं माप आणि मात्रा म्हणजे ते औषधसुद्धा. मराठीनं दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसवले आणि वर 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' असा तिसराही काढला. औषध तेच, माप तेच. पण समोर कोण आहे यावर सगळं ठरतं, हे त्या बोलण्यात आधीच गृहीत आहे.

उमरीचं नाव मराठवाड्याच्या इतिहासात येतं ते ३० जानेवारी १९४८ला स्वातंत्र्यसैनिकांनी लुटलेल्या बँकेमुळे. ही गोष्ट त्याच्या साठेक वर्षं आधीची. तेव्हा उमरी निजामाच्या राज्यातल्या नांदेड जिल्ह्यातलं एक गाव होतं. मनमाडहून हैदराबादला जाणारा लोहमार्ग अजून पडलेला नव्हता, आणि दोनशे किलोमीटरांहून दूर असलेली राजधानी बैलगाडीच्या हिशेबात कित्येक मुक्काम लांब होती. त्या राजधानीत १८८९च्या हिवाळ्यात एक प्रश्न सोडवायला साहेब, हकीम, विद्यार्थी आणि शेकडो गावठी कुत्री जमवली गेली. क्लोरोफॉर्मनं माणूस मरतो तो हृदय थांबून की श्वास थांबून? लंडन आणि एडिनबरोच्या डॉक्टरांचं चाळीस वर्षांचं भांडण त्या प्रश्नामागे होतं. निकाल मात्र मुसा नदीच्या काठी लागायचा होता, तोही निजामाच्या खर्चानं. त्या खजिन्यात नांदेड-परभणीच्या ज्वारी-कापसाचा साराही जात होता.

भांडणाचं मूळ एका मुलीच्या नखात आहे.

जेम्स सिम्प्सन या एडिनबरोच्या डॉक्टरनं नोव्हेंबर १८४७मध्ये क्लोरोफॉर्मची भूल वापरात आणली. इथरपेक्षा हा प्रकार सुटसुटीत. रुमालावर थोडा ओतायचा, नाकाशी धरायचा, दोन-चार मिनिटांत माणूस गाढ. गोडसर वास, पेट घ्यायची भीती नाही, उपकरण नाही. तीन महिने झाले नाहीत तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसलजवळच्या एका खेड्यात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची पोर पायाच्या अंगठ्याचं नख काढून घ्यायला खुर्चीत बसली. ती आधीपासून घाबरलेली होती, रडत होती. रुमालावर चमचाभर क्लोरोफॉर्म ओतला, नखाला चिरा दिला, ती दचकली, आणि काही क्षणांत तिचा चेहरा पांढरा पडला. पाणी शिंपडून झालं, ब्रँडी पाजून झाली. अवघ्या दोन-तीन मिनिटांत खेळ आटोपला.

चमचाभर औषधानं धडधाकट मुलगी कशी जाते? इथून दोन घराणी पडली.

लंडनचा जॉन स्नो मोजमापाचा माणूस. कॉलऱ्याच्या साथीत पाण्याच्या पंपाचा माग काढणारा तो हाच. त्याचं म्हणणं असं की रुमालावर किती थेंब पडले याला अर्थ नाही. श्वासाच्या हवेत क्लोरोफॉर्मची वाफ शेकडा किती, ते बघा. शेकडा पाचाच्या आत ठेवली तर बरं, एकदम दाट वाफ आत गेली तर हृदयालाच लकवा मारते. त्यासाठी त्यानं वाफेवर ताबा ठेवणारी उपकरणं बनवली. १८५३मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्याचा मान त्यालाच मिळाला. तिथे मात्र त्यानं साधा रुमालच वापरला.

एडिनबरोच्या जेम्स साइमला हे सगळं नाटक वाटे. त्याच्या मते नाडी धरून बसणं म्हणजे नसत्या ठिकाणी पहारा. हात मोकळा सोडून भूल द्या, डोळे रोग्याच्या श्वासावर ठेवा; श्वास घरघरला, अडखळला की रुमाल बाजूला, जीभ पुढे. हृदय आपलं आपण सांभाळतं. साइमच्या हाताखाली तयार झालेल्या पोरांनी ही शिकवण गुरुमंत्रासारखी जपली, आणि त्यातलाच एक एडवर्ड लॉरी.

लॉरी लष्करी वैद्यकीय सेवेत हिंदुस्थानात आला, लाहोरला शिकवलं, आणि १८८५च्या सुमारास हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन म्हणून दाखल झाला. तिथलं मेडिकल स्कूल १८४६ पासूनचं. आधी उर्दूतून शिकवलं जाई आणि उत्तीर्ण विद्यार्थ्याला 'हकीम' म्हणत. लॉरीनं शाळा हातात घेतली, मुलींनाही घेतलं. त्या पहिल्या मुलींत रूपाबाई फर्दुनजी नावाची एक पारशी मुलगी होती. पुढे ती हैदराबादच्या दवाखान्यांत क्लोरोफॉर्म देण्याचंच काम करू लागली, एडिनबरोला जाऊन शिकून आली, आणि आज जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिचं नाव घेतात. हात धुवायलाही तिला वेगळी मोरी शोधावी लागली असेल अशा काळात, पुरुष सर्जनच्या उशाशी बसून 'आता कापा' किंवा 'थांबा' सांगणारी बाई हैदराबादेत होती, ही गोष्ट आपल्याकडे अजून फारशी सांगितली जात नाही.

लॉरीची पद्धत साधी. कडक कापडाची टोपी, आत कापूस, त्यावर क्लोरोफॉर्म. टोपी नाकापासून जरा दूर, म्हणजे हवा मिसळत राहते. थेंब मोजायचे नाहीत. रोगी आडवा, अंगावरचे कपडे सैल, छाती-पोट उघडं. भूल देणाऱ्यानं फक्त श्वास बघायचा आणि अधूनमधून बुबुळावर बोट टेकवायचं. पापणी मिटली तर अजून जाग आहे. मिटली नाही की झालं. टोपी काढायची आणि मगच सर्जननं सुरी लावायची. गावाकडच्या बाईनं भाताचं शीत दाबून बघावं तसा हा प्रकार. तांदूळ किती, पाणी किती, जाळ किती, याची चर्चा नाही. शिजलंय का, एवढंच.

या रीतीनं हजारो माणसांना भूल दिली आणि हृदय थांबून एकही गेला नाही, असा लॉरीचा दावा होता. १८८८मध्ये त्यानं हैदराबादेत पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन बसवलं. शंभराहून अधिक कुत्र्यांना मरेपर्यंत क्लोरोफॉर्म दिला, आणि प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला, हृदय नंतर. लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकानं ते छापलं खरं, पण नाक मुरडून. चाळीस वर्षांत युरोपच्या प्रयोगशाळांना जे जमलं नाही, ते दक्षिणेतल्या एका संस्थानात गावठी कुत्र्यांवर सिद्ध झालं म्हणता?

लॉरी चिडला आणि थेट सरकारवाड्यात गेला.

सहावा निजाम मीर महबूब अली खान तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता. याच्याबद्दल एक आख्यायिका त्याच्या मुलखात घरोघर होती: सापानं चावलेल्यानं महबूब अली पाशांची दुहाई दिली की विष उतरतं. मध्यरात्रीसुद्धा सर्पदंशाचा निरोप आला तर मला उठवा, असा त्याचा हुकूम होता म्हणतात. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडीही ही गोष्ट होती. तर मंत्रानं विष उतरवणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याच राजानं विषाची मात्रा ठरवणाऱ्या एका खर्चिक प्रयोगाला पैसे दिले. 'लॅन्सेट'नं आपल्या पसंतीचा तज्ज्ञ पाठवावा, त्याच्यासाठी एक हजार पौंड आम्ही देतो, असं निजाम सरकारनं कळवलं. याला कुणी हौस म्हणेल, कुणी साहेबाची मर्जी. पण आपल्या निष्कर्षाची झडती घ्यायला विरोधकालाच स्वतःच्या खर्चानं बोलवावं, हे धाडस कमी नव्हतं.

'लॅन्सेट'नं निवडला लॉडर ब्रंटन. औषध शरीरात नेमकं काय करतं, या शास्त्रातला तो इंग्लंडमधला मोठा माणूस. छातीच्या कळेवर अमिल नायट्राइट हुंगवायचा उपाय १८६७मध्ये त्यानंच शोधला होता. शिवाय क्लोरोफॉर्मनं हृदय थांबू शकतं असं मानणाऱ्यांतला. म्हणजे पंच विरुद्ध बाजूचा.

१८८९च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत हैदराबादेत दुसरं कमिशन चाललं. कुत्री, माकडं, घोडे, बकऱ्या, मांजरं, ससे मिळून चारशेहून अधिक जनावरं कामी आली. धमनीत नळी घालून रक्तदाबाची रेघ फिरत्या पिंपावरच्या काजळीनं माखलेल्या कागदावर उमटवत. क्लोरोफॉर्म द्यायचा, रेघ खाली उतरताना बघायची, श्वास थांबला की कृत्रिम श्वास देऊन ती पुन्हा वर चढते का बघायचं. त्या कागदांचे फोटो काढून लंडनला पाठवले. जनावरांच्या यातनांचा हिशेब त्या कागदांवर नाही. तो काळच तसा होता म्हणून पुढे जाणं सोपं आहे, पण वाचताना हात थबकतो.

डिसेंबरात ब्रंटनची तार 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पंच फिरला होता. क्लोरोफॉर्मचा धोका श्वास कोंडण्यातून किंवा अतिमात्रेतून. हृदयाला थेट धोका मुळीच नाही. हैदराबादेत लॉरीनं दिवाळी साजरी केली असेल. लंडनमध्ये मात्र तोंडं आंबट झाली.

गंमत अशी की खरं उत्तर त्याच वर्षी, १८८९मध्येच, छापून झालं होतं. ॲबरडीनच्या जॉन मॅकविल्यम यानं लिहिलं होतं की अचानक येणाऱ्या मरणात हृदय दर वेळी हळूहळू मंद होत थांबतंच असं नाही. कधी कधी त्याचे स्नायू एकमेकांशी ताळमेळ सोडून नुसते थरथरू लागतात, अळ्यांनी भरलेल्या पिशवीसारखे. रक्त पुढे जात नाही आणि माणूस क्षणात संपतो. हे वाक्य कुणी क्लोरोफॉर्मच्या शेजारी नेऊन ठेवलं नाही. ते ठेवायला बावीस वर्षं लागली.

मधल्या काळात दोन्ही घराण्यांची कुस्ती चालूच राहिली. १८९३मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी रक्ताची वाट अशी फिरवली की एका जनावराच्या मेंदूला क्लोरोफॉर्म मिळावा आणि हृदयाला मिळू नये, मग त्याच्या उलटही. त्यांना क्लोरोफॉर्म थेट हृदयावर काम करताना दिसला, आणि हैदराबादच्या अहवालावर त्यांनी कडक टीका छापली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हर्नन हार्कोर्ट या रसायनशास्त्रज्ञानं शेकडा दोनापेक्षा जास्त वाफ बाहेरच पडणार नाही असं यंत्र बनवलं. स्नोचा जुना विचार काचेच्या बाटलीत बसला. फ्रान्सच्या पॉल बेरनं तर आधीच दाखवलं होतं की जनावराला भूल पाडणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत जेमतेम दुपटीचं अंतर असतं. स्वयंपाकात मीठ दुप्पट पडलं तर आमटी फेकावी लागते. इथे माणूस जायचा. तेव्हा मात्रा कमी ठेवा, अजून कमी ठेवा, असंच सगळ्यांचं मत होत गेलं.

तरी कमी मात्रेतही माणसं मरत होती. उलट दात, नख, गळू अशा किरकोळ कामांत, भूल नुकती चढत असताना, धडधाकट तरुण जात होते. हॅना ग्रीनरसारखेच.

१९११मध्ये लंडनच्या गुडमन लेव्ही यानं मांजरांवर हे कोडं सोडवलं. गाढ क्लोरोफॉर्म दिलेलं मांजर टिकलं. हलका क्लोरोफॉर्म देऊन त्याला डिवचलं, किंवा रक्तात थोडं ॲड्रेनलिन टोचलं, तर हृदय मॅकविल्यमनं लिहिल्याप्रमाणे थरथरू लागे आणि मांजर जागच्या जागी मरे. क्लोरोफॉर्म हृदयाला हळवं करतो. अशा हळव्या हृदयावर भीतीचं, वेदनेचं ॲड्रेनलिन येऊन आदळलं की ताल सुटतो. पूर्ण भूल असेल तर भीतीही नाही आणि तो लोंढाही नाही. म्हणजे विशिष्ट अवस्थेत कमी डोस हा जास्त डोसापेक्षा घातक. हॅनाच्या मरणाचं दुसरं कारण, म्हणजे बेशुद्धीत पाजलेली ब्रँडी फुप्फुसात गेली हेही काही अभ्यासक सांगतात. पण रडणारी मुलगी, अर्धवट भूल आणि नखाला चिरा हा संच लेव्हीच्या मांजरांशी फारच जुळतो.

हैदराबादेत हे का दिसलं नाही, हेही मग कळतं. तिथे जनावरांना मरेपर्यंत क्लोरोफॉर्म देत होते, आणि तसा दिला की श्वास आधी थांबणारच. प्रश्न अतिमात्रेचा विचारला, उत्तर अतिमात्रेचं मिळालं. शिवाय १८८९मध्ये ॲड्रेनलिन हे नावच नव्हतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या रसानं रक्तदाब उसळतो हे १८९४-९५मध्ये समजलं, शुद्ध द्रव्य १९०१मध्ये हाती आलं. काजळीच्या कागदावर अशा गोष्टीची रेघ कशी शोधणार?

लॉरीला मूर्ख ठरवून ही गोष्ट मिटवणं सोयीचं असलं तरी न्यायाचं नाही. त्याच्या कमिशनच्या व्यवहारी सूचनांत एक अशी होती की रोगी पुरता गुंगल्याशिवाय शस्त्रक्रिया सुरू करू नये, म्हणजे धक्क्यानं किंवा भीतीनं मरण्याची शक्यता राहत नाही. लेव्हीचा सल्लाही शेवटी तोच होता: भूल पूर्ण द्या, तुटक तुटक देऊ नका. सिद्धांत चुकला, हात बरोबर पडत होता. हैदराबादेतल्या अफझलगंजच्या दवाखान्यात बुबुळावर बोट टेकवून थांबणारे लॉरीचे विद्यार्थी ज्या मरणापासून रोग्याला वाचवत होते, त्या प्रकारचं मरण अस्तित्वातच नाही असं त्यांना शिकवलेलं होतं. आणि श्वासावर नजर ठेवा, जबडा पुढे ओढा, हे आजही भूल द्यायला शिकणाऱ्याचे पहिले धडे आहेत.

तो दवाखाना २८ सप्टेंबर १९०८च्या मुसाच्या महापुरात गेला. आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून बसलेले दीडशे लोक तेवढे वाचले, असं हैदराबादकर अजून सांगतात. त्या जागी पुढे उस्मानिया रुग्णालय उभं राहिलं. महबूब अली खान १९११च्या ऑगस्टमध्ये वारला. म्हणजे त्याच्या हजार पौंडांचा निष्कर्ष लेव्हीनं मोडला तो त्याच वर्षी. लॉरी १९१५मध्ये गेला.

ॲड्रेनलिनचा हा लोंढा मराठवाड्याला मात्र वेगळ्या वाटेनं, फार जुन्या काळापासून माहीत होता. कडब्याची पेंढी उचलताना, दगड सरकवताना, चुलीच्या जळणात हात घालताना लाल विंचू डसतो. त्याचं विष मज्जातंतूंना डिवचून अंगातलं ॲड्रेनलिन आणि त्याचं भावंड भरमसाट बाहेर काढतं. रक्तवाहिन्या आवळतात, घामानं अंग भिजतं, हातपाय गार पडतात, हृदय दमतं, शेवटी फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस येतो. ही शिडी पायरी पायरीनं नोंदवली ती जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, कोकणात महाडच्या बाजूला सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी या आवळलेल्या वाहिन्या सैल करते, हे त्यांनी १९८६मध्ये 'लॅन्सेट'मध्येच मांडलं. त्यांच्या नोंदींप्रमाणे गंभीर दंशात आधी शंभरांतले तीस-चाळीस रोगी दगावत; प्राझोसिन आल्यावर तो आकडा एकाच्या आसपास आला. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या गोळीची मात्रा किलोमागे तीस मायक्रोग्रॅम. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रोग्याला उठू देत नाहीत. लेकराला आईच्या कडेवरही उचलू न देता आडवंच ठेवतात. तीन तासांनी पुन्हा गोळी, मग पुन्हा. ती थांबवायची कधी, याचं उत्तर कुठल्या यंत्रात नाही. डॉक्टर चादर बाजूला करून पोराच्या तळपायाला हात लावतात. पाय अजून गार असतील तर पुढची गोळी. गरम लागले की आईला सांगतात, आता पाजा पाणी.